खोळंबा टाळणारी फाइल

काही मजकूर कोणी आवडीने वाचायला घेत नाही, पण त्यातल्या एखाद्या आकड्यावर शेकडो माणसांचा दिवस सुरळीत जातो किंवा वाया जातो. ‘कप्सडी डॉट कॉन्फ’ ही अशीच एक साध्या मजकुराची फाइल आहे. कप्स म्हणजे कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टिम, नेटवर्कवरचे प्रिंटर एका जागेवरून चालवणारा प्रोग्राम. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि १९९९ मध्ये तो लोकांपुढे आला. ॲपलने २००२ मध्ये तो आपल्या मॅकमध्ये घेतला, २००७ मध्ये त्याचे हक्कही विकत घेतले. लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर आजही छपाई त्याच्याच हातून होते. ऑफिसात दोन-चार प्रिंटर असतील, तर ही फाइल कधी उघडावीही लागत नाही. प्रिंटर पन्नास-शंभर झाले, वेगवेगळ्या इमारतींत आणि गावांत विखुरले, की सर्व्हरचे सगळे नियोजन तिच्यात उतरते.

या फाइलीचा गुण वेगात शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. प्रिंटर आपल्या गतीने छापतो. सर्व्हर त्याला पळवू शकत नाही. सर्व्हरच्या हातात असते ते वाट पाहण्याचे वाटप. कोणी किती वेळ थांबायचे, कोणामुळे थांबायचे, थांबलेले काम सांभाळून ठेवायचे की परत पाठवायचे, हे तो ठरवतो. एकाच्या अडचणीने दुसऱ्याचा खोळंबा होऊ नये आणि हाती घेतलेले काम हरवू नये, या दोन गोष्टी जी फाइल साधते ती चांगली. या कसोटीवर ती ओळीओळीने वाचली तर फार सरस उतरते, असे माझे मत आहे.

वाचताना समोर एखादा मुलूख हवा, नाहीतर आकडे नुसते आकडेच राहतात. मी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समोर ठेवतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा आतला रायगड. कर्जतकडून उल्हास वाहते, खालापूरकडून पाताळगंगा. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कागद लागणारी ठिकाणे सगळीकडे पसरलेली आहेत: दोन तहसील कार्यालये, दोन पंचायत समित्या, कर्जत, खोपोली आणि माथेरानच्या नगरपरिषदा, नेरळ, कडाव, कशेळे, चौक, वावोशी, मोहोपाडा इथली लहान-मोठी कार्यालये, शाळा, दवाखाने. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला, तरी बँकेत, सोसायटीत, कॉलेजात दाखवायला लोक तो छापूनच नेतात. आणि छपाईची सगळ्यात मोठी गर्दी जूनमध्ये होते. भाताच्या हंगामासाठी पीककर्ज हवे असते, मुलांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला हवा असतो. नेमकी त्याच दिवसांत वाऱ्यापावसाने झाडे तारांवर पडतात, वीज जाते, लाइन तुटते, आणि हवेतला दमटपणा शोषून वाकलेला कागद प्रिंटरमध्ये अडकतो. म्हणजे काम सर्वाधिक असते तेव्हाच यंत्रणा सर्वांत नाजूक असते. अशा ठिकाणी शंभर प्रिंटर एका व्यवस्थेखाली आणायचे ठरवले, तर ही फाइल काय देते आणि काय मागते, ते पाहायचे.

त्याआधी तिच्या पूर्वसुरीकडे एक नजर टाकावी लागते. ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ या क्रमांकाचा एक चौदा पानी मसुदा निघाला. युनिक्सच्या जगात आधीपासून चालत आलेली छपाईची पद्धत, म्हणजे लाइन प्रिंटर डीमन, त्यात लिहून काढलेली आहे. मजकूर आटोपशीर आहे. सर्व्हरला सांगण्याच्या आज्ञा पाचच: थांबलेली कामे छाप, नवे काम घे, रांगेची थोडक्यात माहिती दे, सविस्तर दे, काम काढून टाक. प्रत्येक कामाच्या दोन फाइली असतात. एकीत कामाची हकिगत, दुसरीत छापायचा मजकूर. उत्तर एका बाइटचे: शून्य आले तर ठीक, दुसरे काहीही आले तर नाही. या काटकसरीत एक देखणेपण आहे, ते नाकारता येत नाही.

पण त्याच मसुद्यात एक अट आहे. काम पाठवणाऱ्या यंत्राने आपल्या बाजूचे पोर्ट, म्हणजे बोलण्यासाठीचे क्रमांक दिलेले दार, ७२१ ते ७३१ यांपैकीच वापरायचे. ती विश्वासातून आलेली आहे. युनिक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त मुख्य अधिकार असलेल्यालाच उघडता येत, त्यामुळे अशा पोर्टवरून आलेले काम खात्रीच्या जागेवरून आले असे मानले जाई. एका इमारतीतल्या मोजक्या यंत्रांच्या काळात हे पुरेसे होते. आता मोजून पाहा: ७२१ पासून ७३१ पर्यंत पोर्ट होतात अकरा. म्हणजे ही अट पाळणारा सर्व्हर एका वेळी अकराच प्रिंटरांशी बोलू शकतो, आणि एक बोलणे संपल्यावर ते पोर्ट काही काळ विसावा घेते ते वेगळेच. बाराव्या प्रिंटरचे काम तयार असते, प्रिंटर मोकळा असतो, कागद भरलेला असतो, तरी ते थांबते. खालापूरच्या कामाला कर्जतच्या कामामुळे थांबावे लागते आणि दोघांनाही कारण कळत नाही. फार मोठ्या संख्येच्या नियोजनात यंत्राची ताकद कमी पडण्याच्या आधी असा एखादा विसरलेला आकडा आडवा येतो.

कप्स रचतानाही सुरुवातीला हीच जुनी पद्धत पायाला घ्यायचा विचार होता. तिच्या मर्यादा आणि कंपन्याकंपन्यांतले फरक पाहून तो सोडला आणि इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, घेतला. तरीही पूर्वजाची खूण पुसलेली नाही. कप्सच्या स्पूल फोल्डरमध्ये, म्हणजे कामे साठवण्याच्या जागेत, डोकावले तर आजही प्रत्येक कामाच्या फाइली जोडीनेच दिसतात. ‘सी’ अक्षराने सुरू होणारी हकिगतीची, ‘डी’ने सुरू होणारी मजकुराची, पुढे कामाचा पाच अंकी क्रमांक. जुन्या पद्धतीच्या प्रिंटरशी बोलायचे असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘रिझर्व्ह’ नावाचा पर्याय देता येतो, आणि त्याची एक किंमत चक्क ‘आरएफसी११७९’ अशी आहे. ती दिली तरच ते अकरा पोर्ट वापरले जातात, न दिल्यास बंधन नाही. जुन्याचा मान ठेवून त्याची अडचण मात्र सर्वांच्या गळ्यात न बांधण्याची ही रीत मला फार आवडते.

आता प्रत्यक्ष मजकूर. प्रिंटरांची नोंद ‘प्रिंटर्स डॉट कॉन्फ’ या शेजारच्या फाइलीत असते. एका प्रिंटरची नोंद जवळून पाहू. वर नाव, मग ‘इन्फो’, मग ‘लोकेशन’, मग ‘डिव्हाइस यूआरआय’ म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता. त्याखाली दोन लहान ओळी येतात: ‘स्टेट आयडल’ आणि ‘अ‍ॅक्सेप्टिंग यस’. घाईने वाचणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो, प्रिंटर चालू आहे. पण त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. आपल्या प्रत्येक सरकारी कार्यालयात आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात, तसेच हे आहे. ‘अ‍ॅक्सेप्टिंग’ ही आवक, ‘स्टेट’ ही जावक. टोनर बदलायचा असेल तर जावक थांबवा आणि आवक चालू ठेवा. लोकांची कामे येत राहतील, रांगेत सुरक्षित बसतील आणि प्रिंटर तयार झाला की ओळीने छापली जातील. प्रिंटर कायमचा काढायचा असेल तर उलटे करा: आवक बंद, जावक चालू, म्हणजे आहेत ती कामे छापून होतील आणि नवे येणार नाही. दोन ओळींच्या चार जोड्या होतात आणि चारही जोड्यांना कारभारात खरा अर्थ आहे. ज्या सर्व्हरला फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ कळते, तिथे टोनर बदलेपर्यंत आलेल्या प्रत्येकाला परत पाठवावे लागते.

त्याच नोंदीत पुढे ‘एरर पॉलिसी’ येते. काम फसले तर काय करायचे, याची चार उत्तरे तिच्यात आहेत. काम सोडून द्या. काम बाजूला ठेवून थोड्या वेळाने पुन्हा करा. हेच काम लगेच पुन्हा करा. प्रिंटर थांबवा. चारही उत्तरांत न्यायाची वेगवेगळी कल्पना आहे. ‘लगेच पुन्हा करा’ म्हटले की क्रम अभंग राहतो, पण मागचे सगळे थांबतात. ‘बाजूला ठेवा’ म्हटले की मागचे पुढे सरकतात, अडलेल्याला मात्र पुन्हा पाळी यावी लागते. आणि ठरलेले प्रयत्न संपले की ते काम रद्द होते. मूळ आकडे पाच प्रयत्न आणि दोन प्रयत्नांत तीस सेकंद असे आहेत, म्हणजे सगळा हिशेब अडीच मिनिटांचा. ‘प्रिंटर थांबवा’ म्हटले की काहीच हरवत नाही, पण कोणीतरी येऊन तो पुन्हा सुरू करेपर्यंत सगळे ठप्प. कर्जतच्या तहसील कार्यालयात, जिथे प्रिंटरशेजारी माणूस बसलेला आहे, तिथे थांबवणे योग्य ठरते. तो उठतो, कागद सरळ करतो, रांग चालू होते. कशेळ्याला बाजूला ठेवून पुन्हा प्रयत्न करणे बरे, पण प्रयत्नांची संख्या आणि अंतर दोन्ही वाढवून. हे धोरण प्रत्येक प्रिंटरच्या नोंदीत स्वतंत्र लिहिता येते, ही या रचनेतली मोठी समज आहे. सगळ्यांना एकच नियम लावला असता तर कोणावर तरी अन्याय झालाच असता.

ते प्रयत्न म्हणजे नेमके काय, हे पाहायला एक पायरी खाली उतरावे लागते. सर्व्हर प्रत्येक छापल्या जाणाऱ्या कामासाठी एक स्वतंत्र लहान प्रोग्राम उभा करतो. त्याला बॅकएंड म्हणतात. प्रिंटरशी बोलणे हे त्याचे काम. एकाचा बॅकएंड अडकला तरी मुख्य सर्व्हर अडकत नाही आणि शेजारचा बॅकएंडही अडकत नाही. जुन्या पद्धतीत उत्तर एक बाइटचे होते. इथे बॅकएंड काम संपवताना शून्य ते सात यांपैकी एक आकडा देतो, आणि त्यांचे अर्थ असे: झाले, फसले म्हणून धोरणाप्रमाणे करा, ओळख पटवा, हे काम रोखून ठेवा, प्रिंटर थांबवा, काम रद्द करा, नंतर पुन्हा करा, आत्ताच पुन्हा करा. नुसत्या नकारापासून इथवर आलेली ही भाषा पाहिली म्हणजे मधल्या वर्षांतला अनुभव कुठे साठला ते कळते.

या बॅकएंडच्या वागण्यात मला या साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर जागा सापडते. प्रिंटर बंद आहे किंवा लाइन तुटली आहे असे समजा. बॅकएंड हाक मारतो, उत्तर येत नाही. तो पाच सेकंद थांबतो, पुन्हा हाक मारतो, मग थोडे जास्त थांबतो, आणि अंतर वाढवत तीस सेकंदांवर नेतो. तिथून तो किती काळ थांबायला तयार असतो? त्याची मूळ मुदत ६,०४,८०० सेकंदांची आहे, म्हणजे पुरा एक आठवडा. आता तोच प्रिंटर एका गटात घाला. कप्समध्ये त्याला ‘क्लास’ म्हणतात; गटाच्या नावावर काम पाठवले की जो प्रिंटर मोकळा असेल त्याच्याकडे ते जाते. गटातल्या प्रिंटरने उत्तर दिले नाही तर तोच बॅकएंड आठवडाभर थांबत नाही. तो थोडक्यात आवरते घेतो, काम फसल्याचे कळवतो आणि सर्व्हर ते काम गटातल्या पुढच्या प्रिंटरकडे देतो. दुसरा कोणी करणारा नसेल तर चिकाटीने थांबायचे, असेल तर अडवून न धरता बाजूला व्हायचे. प्रोग्रामची तीच प्रत, तीच ओळ, पण सोबत आहे की नाही यावरून वागणे बदलते. कोणत्याही चांगल्या माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा आपण करत नाही.

नियोजन करणाऱ्याने यातून घ्यायचे ते असे. खालापूर तहसील, खोपोली नगरपरिषद, कर्जत तहसील अशा गर्दीच्या ठिकाणी एकच मोठा प्रिंटर घेण्याऐवजी दोन मध्यम प्रिंटर घेऊन त्यांचा गट करावा. एक अडला की दुसरा आपोआप ओझे उचलतो आणि खिडकीपुढच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. एकटा प्रिंटर जिथे नाइलाजाने राहतो, तिथे आठवड्याची चिकाटी कामी येते.

तसे ठिकाण म्हणजे माथेरान. ते कर्जत तालुक्यातच आहे, पण दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. नेरळहून येणारी छोटी गाडी १९०७ पासून आहे, मात्र पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा साधारणपणे बंद ठेवतात. नाक्यापासून पुढे घोडा, माणसाची पाठ, आणि अलीकडे ई-रिक्षा. अशा ठिकाणी प्रिंटरचे एक बटण दाबायला माणूस पाठवणे म्हणजे अर्धा दिवस. म्हणून तिथल्या प्रिंटरची खरी किंमत तो काय सांगू शकतो यावर ठरते. आयपीपीमध्ये प्रिंटरच्या अवस्था तीनच आहेत, मोकळा, कामात, थांबलेला. पण त्यांच्या जोडीला कारणांची यादी असते. कागद अडकला, कागद संपला, झाकण उघडे आहे, टोनर कमी झाला. प्रत्येक कारणापुढे ही नुसती माहिती आहे, इशारा आहे की अडथळा आहे, हेही जोडता येते. ‘टोनर कमी’ हा इशारा जूनच्या पहिल्या आठवड्यात कर्जतला दिसला, तर पुढच्या फेरीला टोनर वर जातो. तो दिसला नाही तर धो धो पावसात तेवढ्यासाठी वेगळा माणूस चढवावा लागतो.

आणि इथेच फाइलीतल्या दोन ओळी एकमेकींसमोर उभ्या राहतात. बॅकएंड आठवडाभर थांबायला तयार आहे, पण मुख्य फाइलीत ‘मॅक्स जॉब टाइम’ नावाची एक मर्यादा आहे. तिचा मूळ आकडा १०,८०० सेकंद, म्हणजे तीन तास. तेवढ्या वेळात काम पुरे झाले नाही तर सर्व्हर ते अडकलेले समजून रद्द करतो. ज्याने एकच ओळ वाचली तो म्हणेल, काम आठवडाभर सुरक्षित आहे. दोन्ही वाचणाऱ्याला कळते की संध्याकाळी वीज गेली आणि मध्यरात्री आली, तर त्या वेळात छपाईला घेतलेली कामे गेली. तीन तासांची मर्यादा चुकीची नाही. एखाद्या बिघडलेल्या कामाने प्रिंटर कायमचा धरून ठेवू नये म्हणून ती आहे. पण ती ज्याने ठरवली त्याच्या डोळ्यांपुढे वीज न जाणारी इमारत होती. पावसाळ्यातल्या घाटपायथ्यासाठी ती वाढवावीच लागते. चांगल्या कवितेत एक ओळ दुसरीचा अर्थ बदलते असे आपण म्हणतो. सेटिंगच्या फाइलीत ते अक्षरशः घडते, आणि ज्याला ते दिसले नाही त्याच्या रांगेतली कामे सकाळी सापडत नाहीत.

मर्यादांच्या ओळींत आणखी एक जोडी आहे आणि माझ्या मते सगळ्या नियोजनाचा गाभा तीत आहे. ‘मॅक्स जॉब्ज’ ही सगळ्या सर्व्हरची मर्यादा, मूळ आकडा ५००. ‘मॅक्स जॉब्ज पर प्रिंटर’ ही एका प्रिंटरची मर्यादा, मूळ आकडा शून्य, आणि शून्याचा अर्थ कसलीच मर्यादा नाही. पाचशेची मर्यादा भरली की सर्व्हर आधी जुने, पुरे झालेले काम विसरतो आणि नव्याला जागा करतो. पण पाचशेच्या पाचशे कामे थांबलेलीच असतील तर नवे काम तो घेत नाही, कोणाचेही घेत नाही. मग पाहा काय होऊ शकते. एखाद्या ठिकाणचा प्रिंटर दोन दिवस बंद आहे. लोक छापा म्हणतात, कागद येत नाही, पुन्हा छापा म्हणतात. त्या एका रांगेत कामे साचत जातात. बाकीचे सगळे प्रिंटर धडधाकट असताना एका सकाळी मोहोपाड्याचे काम नाकारले जाते. ज्याचा दोष नाही तो परत जातो. हे टाळायला एवढेच करायचे की प्रत्येक प्रिंटरला, समजा, पंचवीसची मर्यादा घालायची आणि शंभर प्रिंटरांसाठी एकूण आकडा अडीच हजारांवर न्यायचा. मग अडचण जिथली तिथेच राहते. पंचविसाव्यानंतर त्या ठिकाणच्या माणसालाही लगेच कळते की इथे काम घेतले जात नाही, तो फोन करतो, आणि बिघाड दोन दिवसांऐवजी तासाभरात लक्षात येतो. वेळेवर मिळालेला नकार हीसुद्धा सेवा आहे.

सर्व्हर किती ताकदीचा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण प्रिंटरांच्या संख्येवरून देऊ पाहतात. फाइल वेगळे उत्तर सुचवते. रांगेत पडून राहिलेल्या कामाला स्मृती आणि प्रोसेसर फारसे लागत नाहीत. ते लागतात मजकुराचे प्रिंटरला समजेल असे रूप करताना. हे काम फिल्टर करतात आणि त्यांच्यासाठी ‘फिल्टर लिमिट’ ही ओळ आहे. साध्या प्रिंटरसाठी एका कामाचे मोल सुमारे २०० धरावे आणि पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा समजणाऱ्यासाठी त्याच्या निम्मे, असे कप्सचे मार्गदर्शन सांगते. मर्यादा हजार ठेवली तर साध्या प्रिंटरांची पाच कामे एका वेळी रूपांतरित होतील आणि सहावे क्षणभर थांबेल. मूळ आकडा शून्य, म्हणजे बंधन नाही. आणि जूनमधल्या सकाळी अकरा वाजता शंभर कामे एकदम आली तर बंधन नसलेला लहान सर्व्हर सगळ्यांचे थोडे थोडे करत बसतो आणि कोणाचेच पुरे करत नाही. थोडे जण थांबले की सगळ्यांचे लवकर होते, हे या एका ओळीत आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत तर रूपांतराचा मुद्दा फारच जवळचा. फॉन्ट पोटात घेऊन आलेली पीडीएफ असेल तर जोडाक्षरे, रफार, वेलांट्या जागच्या जागी छापल्या जातात. नव्या प्रिंटरांना पीडीएफ थेट समजते, त्यामुळे सर्व्हरवरचे ओझेही उतरते. खरेदी करताना वेगाच्या आकड्याआधी ही गोष्ट पाहावी.

वीज गेल्यावर खुद्द सर्व्हरचे काय, याबद्दल फाइल दोन शांत ओळींत बोलते. ‘डर्टी क्लीन इंटर्व्हल’चा मूळ आकडा तीस सेकंद आहे. रांगेतले बदल डिस्कवर लगेच न उतरवता सर्व्हर तेवढा वेळ थांबतो, म्हणजे डिस्कला सतत त्रास होत नाही. ‘सिंक ऑन क्लोज’ लिहिलेला बदल खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करते; ही ओळ ‘कप्स-फाइल्स डॉट कॉन्फ’ या दुसऱ्या एका फाइलीत असते आणि मुळात बंद असते. ज्या ठिकाणी वीज न सांगता जाते तिथे पहिली शून्यावर आणि दुसरी चालू असावी. छपाई किंचित मंदावते, पण सर्व्हर पुन्हा उभा राहिला की आपली रांग त्याला पूर्ण आठवते. याच कारणासाठी मी दोन तालुक्यांना मिळून एक सर्व्हर ठेवणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अलिबागला एक मोठा सर्व्हर ठेवला तर कडावला टेबलावरून निघालेले काम अलिबागला जाऊन त्याच टेबलाशेजारी परत येणार, आणि मधली लाइन तुटली की शेजारचा प्रिंटरही परका होणार. कर्जतला एक आणि खालापूरला एक असे दोन लहान सर्व्हर, सारख्याच फाइलींचे, जास्त शहाणपणाचे.

विश्वासाचा प्रश्न आरएफसी ११७९ ने पोर्टच्या आकड्यांवर सोपवला होता. कप्स तो नावानिशी विचारतो: सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर ऐकायचे, कोणाला छापू द्यायचे, कोणाला रांग बदलू द्यायची. दाखल्यांच्या छपाईत ‘जॉब प्रायव्हेट व्हॅल्यूज’ ही ओळ मोलाची आहे. तिच्यामुळे रांग सर्वांना दिसली तरी कामाचे नाव आणि ते पाठवणाऱ्याचे नाव इतरांना दिसत नाही. ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’ मात्र छापून झालेला मजकूर मुळात एक दिवस ठेवते, पुन्हा छापता यावा म्हणून. ज्या कागदावर कोणाची जात, उत्पन्न, आधार क्रमांक आहे तो दिवसभर सर्व्हरवर ठेवण्याचे कारण नाही. ती ओळ बंद करावी. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या सोबतीला चालणाऱ्या ‘कप्स ब्राउज्ड’ या प्रोग्राममधल्या त्रुटी उघड झाल्या, त्यांचे मूळ हेच होते की तो ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कोणाचेही ऐकत होता. आपले प्रिंटर आपल्याला माहीत असतील तर ते आपोआप शोधणाऱ्या प्रोग्रामची गरजच नाही. त्यांची यादी हाताने लिहावी.

रसग्रहण म्हणून उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सगळ्यांत मोठी उणीव शून्यांची आहे. सर्वांत मोलाच्या मर्यादा, एका प्रिंटरची आणि फिल्टरची, मुळात शून्य आहेत. म्हणजे ज्याने फाइल उघडली नाही त्याला त्यांचे संरक्षण मिळत नाही. दुसरी उणीव अशी की ‘मॅक्स जॉब टाइम’ सगळ्या सर्व्हरला एकच लागू होते. तहसीलच्या खिडकीला तीन तास फार आणि माथेरानला फार थोडे. एखाद्या प्रिंटरपुरते वेगळे ठरवायचे तर कामासोबत जाणाऱ्या पर्यायाचा आडमार्ग घ्यावा लागतो. तिसरी, ‘लोकेशन’ ही ओळ नुसता मोकळा मजकूर आहे. तिथे पोचायला किती वेळ लागतो हे सर्व्हरला कधीच कळत नाही. ते कळणे माणसाकडेच राहते.

म्हणूनच या फाइलीतले एक साधे चिन्ह मला तिच्या कुठल्याही आकड्याइतके महत्त्वाचे वाटते. ‘कप्सडी डॉट कॉन्फ’मध्ये हॅशच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ सर्व्हर वाचत नाही, ती माणसासाठी असते. अडीच हजार का, पंचवीस का, तीन तासांचे बारा तास कशासाठी केले, मजकूर साठवणे कोणाच्या भल्यासाठी बंद केले, हे प्रत्येक आकड्यावर एकेका ओळीत साध्या मराठीत लिहून ठेवावे. ‘प्रिंटर्स डॉट कॉन्फ’ सर्व्हर स्वतःच पुन्हा पुन्हा लिहितो, तिथे अशी टीप टिकत नाही. म्हणून ती मुख्य फाइलीतच हवी. व्यवस्था उभी करणाऱ्याची बदली होते, नवा येतो, त्याला शून्यापेक्षा वेगळे आकडे दिसतात, आणि कारण माहीत नसल्यामुळे तो ते भलेपणाने मूळ पदावर आणतो. पुढच्या जूनमध्ये रांगेतली कामे पुन्हा हरवू लागतात. आकडा सर्व्हरला पुरतो, पण तो टिकवायला कारण लागते. ज्या फाइलीत दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेले आहेत, तिला मी उत्तम म्हणेन.